डाव्या अंगाची शिवण

ताडकळसला माझं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक फळी आणि दोरीवर लटकवलेले गावातल्या बायकांचे मापाचे ब्लाऊज. आमच्याकडं टेप लावून माप द्यायला बायका लाजतात. नीट बसणारा एखादा जुना ब्लाऊज आणून टाकतात आणि म्हणतात, "याच्यासारखाच शिव, बोटभर फरक नको." मलाही ते बरं पडायचं. बाईला उभं करा, हात वर करायला सांगा, पदर सावरा, कुणी सांगितलीय ती झंझट! वीस वर्षं मी बायका मापल्याच नाहीत, त्यांचे ब्लाऊज मापले. आणि वर टेंभा मिरवायची, की नुसत्या कापडावरून मला बाई कळते म्हणून.

माझी थोरली जाऊ शेजारीच राहते. मधे एक भिंत. तिला मी आक्का म्हणते. तिचाही मापाचा ब्लाऊज माझ्या दोरीवर असायचा, पण आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. दीड वर्ष अबोला. कारण सांगितलं तर तुम्ही हसाल. माझ्या लेकीच्या लग्नात आक्कानं मला आहेरात साडी केली. जांभळी, काठाची. मी मांडवातच घडी उलगडली तर काय, साडीला फॉल लावलेला! बरं, फॉल कुणाच्या हातचा? माझ्याच! दोन वर्षांपूर्वी मीच तिला लावून दिला होता. माझी टीप मी अंधारातही ओळखीन. माझं डोकंच फिरलं. चार पाहुण्यांत मी बोलले, "आक्का, निदान फॉल तरी उसवून द्यायचास." बाया फिदीफिदी हसल्या. आक्काचं तोंड एवढंसं झालं. ती जेवली नाही, तशीच घरी गेली आणि त्या दिवसापासून आमची तोंडं दोन दिशेला.

पण ब्लाऊज मात्र माझ्याकडंच यायचा. एसटी स्टँडजवळ दुसरा टेलर आहे, तिकडं ती गेली नाही. मला त्याचा तोरा चढायचा. बोलत नाहीस ना, नको बोलू, पण माझ्या हाताशिवाय तुझं पान हलत नाही!

ने-आण करायच्या सासूबाई. त्यांना आम्ही दोघी आत्याबाई म्हणतो. एक महिना तिच्याकडं, एक महिना माझ्याकडं, आणि मधल्या मधे दोन्हीकडचे निरोप. निरोपाला त्या मीठमिरची लावत नाहीत, पण त्यातला एक शब्द गाळतही नाहीत. तेच नडलं.

गेल्याच्या गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. दुकानात शिलाईचा ढीग पडलेला. आत्याबाई आल्या आणि आक्काचा मापाचा ब्लाऊज माझ्या मांडीवर टाकला. "डाव्या अंगानं आवळायलाय म्हणती ती. जरा सैल कर."

"एकाच अंगानं?" मी म्हणाले. "रेशनचं धान्य एकाच अंगाला लागायलंय का म्हणावं!"

समोर बसलेल्या दोघी खो खो हसल्या. मी पण हसले. उचलली जीभ लावली टाळ्याला. ब्लाऊजच्या काखेखालच्या शिवणीत आम्ही थोडं जादा कापड राखतो, उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. मी डाव्या अंगाची टीप उसवली, अर्धं बोट सरकवून नवी मारली आणि ब्लाऊज परत दिला. पाच मिनिटांचं काम. विचारायचं सुचलं नाही. अबोल्यात माणूस विचारतं का?

संक्रांत झाली, हळदीकुंकवाचे दिवस संपले आणि तोच ब्लाऊज पुन्हा आला. "आणखी सैल कर म्हणती."

"मी काय जादूगार हाय? आत कापड शिल्लक तरी असाया पायजे का न्हाई?" मी करवादले. पुन्हा उसवला. पुन्हा अर्धं बोट. पुन्हा तेच एक डावं अंग. आज आठवते तर माझं मलाच नवल वाटतं. उजवी शिवण होती तशी, डावी दोनदा सरकवली, आणि मी मशीनवर बसून टीव्हीवरचं गाणं गुणगुणत होते!

मग एप्रिल आला. चौदा तारखेची जयंती जवळ आली की आमच्या वस्तीत पांढऱ्या साड्या आणि पांढऱ्या ब्लाऊजांचा सुकाळ असतो. आठवडाभर माझ्या दोरीवर बगळे बसल्यागत दिसतं. आक्काचाही शिवला, तोच तिचा मापाचा ब्लाऊज ठेवून घेऊन. आतून डाव्या बाजूला मोबाईलसाठी चोरखिसा लावला, हल्ली सगळ्याच मागतात. अस्तर लावलं. आत्याबाईंच्या हाती धाडला. दोन दिवसांनी तो परत आला.

"आता काय?" मी ओरडले.

"आवळायलाय म्हणती. अन् तेवढा डाग बी बघ, चहा सांडला असंल."

मी ब्लाऊज उलटा केला. अस्तरावर ज्वारीच्या दाण्याएवढा तांबूस डाग होता. सुलटा केला. बाहेरून काहीच नाही. पांढरंशुभ्र. मी दोनदा उलटसुलट करून पाहिला. कापडाचं मला कळतं. चहा बाहेरून सांडतो, बाहेरून आत जातो. हा डाग आतून आला होता.

मी तशीच उठले, चप्पल न घालता, आणि दीड वर्षात पहिल्यांदा तिच्या अंगणात पाय ठेवला.

आक्का बाजेवर कुरडया घालत होती. साऱ्या एका उजव्या हातानं. मला बघून तिनं मान वर केली नाही.

"आक्का, आत चल."

"काय काम हाय?"

मी अस्तर पुढं धरलं. ती बघत राहिली. मग हात धुतले, आत आली, दार लोटलं आणि भिंतीला टेकून बसली. "दाखव," मी म्हणाले. ती म्हणाली, "जाऊ दे." मी म्हणाले, "तू दाखवती का मी दार उघडून साऱ्या गल्लीला बोलवू?" माझी बोलायची तऱ्हाच अशी. तिनं पदर बाजूला केला.

अगं बया! मी जे बघितलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. डाव्या स्तनाची कातडी मोसंबीच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची झालेली, बोंड आत ओढलेलं, आणि वरून हळदीचा वाळलेला लेप. तिनंच माझा हात धरून गाठीवर ठेवला. दगडासारखी टणक. जागची हलेना. वीस वर्षं मी या बाईचे ब्लाऊज शिवले होते.

"दुखतं का?" मी कसंबसं विचारलं.

"तेच तर. दुखत न्हाई गं. दुखत असतं तर गेले नसते का दवाखान्यात?"

आणि खरं सांगते, तिचं ते बोलणं ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं! दुखत नाही म्हणजे काही नाही. काटा मोडला तरी ठणकतो, मग एवढा मोठा रोग न दुखता कसा राहील? माझी अक्कल एवढीच. लगेच त्या डागाची आठवण झाली आणि ते हायसं वाटणं जागच्या जागी मेलं.

आत्याबाई मागून आत आल्या होत्या. "कायला घाबरायल्या? दुधाची गाठ हाय ती," त्या म्हणाल्या. "चार लेकरं पाजलीत तिनं अंगावर. जिनं पाजलं तिला ह्यो रोग होत न्हाई. अन् आपल्या घराण्यात कुणाला हाय?"

"आत्याबाई, धाकटं पोरगं बारावीला हाय! दुधाची गाठ बारावीपर्यंत ऱ्हाती का?"

पण त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हेत. दवाखान्याचं नाव काढताच म्हणाल्या, "सुई लावू देऊ नका. पालमकडच्या माझ्या मावसबहिणीच्या सुनेला सुई टोचून बघितलं, अन् सहा महिन्यांत गेली. गाठीला लोखंड लागलं की ती चवताळती." आक्काच्या चेहऱ्यावर त्याच क्षणी कुलूप पडलेलं मला दिसलं. थोरले दीर दारात उभे. त्यांनी नुसतं पायाकडं बघितलं.

मी म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीनं परभणी. मी नेते. कुणी अडवलं तर माझ्याइतकं वाईट कुणी न्हाई."

गाडीत आम्ही शेजारी बसलो पण बोललो नाही. दीड वर्षाची सवय, एका दिवसात कशी जाणार? परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी हात लावून बघितलं, काखेत बोटं दाबली आणि सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवायचं म्हणाल्या. आक्कानं माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी टोचली. "लोखंड लागलं की चवताळती म्हणत्यात," ती पुटपुटली. बाई म्हणाल्या, "सुईनं पसरत नाही, आई. लोक उशिरा येतात, तोवर रोग पसरलेला असतो, मग सुई टोचली जाते आणि माणूस गेलं की दोष सुईला." आक्कानं डोळे मिटले. सुई लागली. रिपोर्टला आठवडा लागणार होता.

तो आठवडा मी विसरणार नाही. गावात बातमी फुटायला काय वेळ? दुसऱ्या दिवशी बाजार होता. भाजीवालीपासून मास्तरणीपर्यंत साऱ्यांना कळलं. दुकानात एक जण आली आणि मशीनजवळ वाकून म्हणाली, "घट्ट झंपरानं होतंय म्हणं ते."

"काय?"

"व्हय की. रगत अडतंय. अन् मोबाईल ठिवत होती ना ती डाव्या अंगाला? त्याची किरणं."

ब्लाऊज कुणी शिवला? मी. चोरखिसा कुणी लावला? मी. तो तर त्या पांढऱ्या ब्लाऊजाला लावला होता आणि तिनं तो दोन दिवसही वापरला नव्हता, पण भ्यालेल्या माणसाला एवढा हिशेब कुठला सुचतो? आधीच्याही ब्लाऊजाला मी लावला होता का, हेच मी आठवत बसले. संध्याकाळपर्यंत तिघी येऊन दोरीवरचं आपापलं माप काढून घेऊन गेल्या. एकीनं तर माझ्यासमोरच आतला खिसा टराटरा फाडला. मी तिला काही बोलले नाही. मी! जिच्या जिभेला हाड नाही म्हणतात ती! माझा त्या साऱ्यावर विश्वास बसला होता. मी माझ्या हातानं आक्काला मारलं, असंच मला वाटायला लागलं. जयंतीला सगळी वस्ती पांढरी झाली, मिरवणूक दारावरून गेली, मी दार लावून आत बसले. त्या आठवड्यात मशीनवर एक टीप मारली नाही.

रिपोर्टच्या दिवशी दीरही बरोबर आले. मी पिशवीत आक्काचा मापाचा ब्लाऊज घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंना दाखवायचा होता. किती घट्ट होता ते त्यांनीच बघावं आणि एकदाचं सांगावं.

रिपोर्ट वाईट होता. कॅन्सर. बाईंनी तो शब्द सरळ उच्चारला. आक्का पापणी न हलवता ऐकत राहिली. दीर खुर्चीत मागं टेकले. मला मात्र राहवलं नाही. मी ब्लाऊज काढून टेबलावर टाकला आणि रडत म्हणाले, "बाई, खरं सांगा. ह्यो मी शिवलाय. माझ्यामुळं झालं का? घट्ट ब्लाऊजनं? मोबाईलच्या खिशानं?"

बाई आधी माझ्याकडं बघतच राहिल्या. "कुणी सांगितलं तुम्हाला? घट्ट कपड्यानं कॅन्सर होत नाही. घट्ट कपड्यानं फार तर वळ उठतो. मोबाईल ठेवल्यानं होतो असंही कुठं दिसलेलं नाही. तुम्ही काहीही केलेलं नाही."

माझ्या डोक्यावरचा धोंडा उतरला. मी पदरानं तोंड पुसलं. सुटले बाई, असं मनात म्हणाले सुद्धा. पण बाईंनी पुढं कागद ओढला आणि आक्काला विचारलं, "कधीपासून आहे हे?"

"झाले असत्याल दोन म्हयने," आक्का म्हणाली.

टेबलावर ब्लाऊज उलटा पडला होता. डाव्या अंगाची शिवण वर आलेली. उसवलेल्या टिपेच्या सुईची भोकं कापडातून जात नाहीत, धुतली तरी जात नाहीत. तिथं ती ओळीनं दिसत होती. एक जुनी ओळ, मी पहिल्यांदा शिवला तेव्हाची. अर्ध्या बोटावर दुसरी, दिवाळीची. आणि त्याच्या पलीकडं आताची टीप, संक्रांतीनंतरची.

मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण बाई लिहीत होत्या, आणि त्या लिहिण्यावर आक्काचं औषध ठरणार होतं.

"दोन म्हयने न्हाई," मी म्हणाले. "दिवाळीच्या आधीपासून. मी दोनदा उसवलाय. फक्त डाव्या अंगाला."

बाईंनी त्या भोकांवरून बोट फिरवलं. एकदा माझ्याकडं, एकदा आक्काकडं बघितलं. "तेव्हा आला असतात तर," एवढंच म्हणून थांबल्या. मग शांतपणे सांगितलं, की रोग काखेतल्या गाठींत गेलाय. आधी सलाईनमधून औषध, मग ऑपरेशन, मग लाईट म्हणजे किरणांचा शेक. स्तन काढावा लागेल. "उशीर झालाय. पण काहीच करता येणार नाही इतका उशीर झाला, असं मी आज म्हणत नाही."

बाहेर आल्यावर मी जिन्यातच बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथं दोन्ही मीच होते. ज्या गुन्ह्यासाठी गावानं मला धरलं तो मी केला नव्हता, आणि जो केला होता तो गावात कुणाला गुन्हाच वाटत नव्हता.

मग ते वर्षच तसं गेलं. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात फेऱ्या. औषधानं आक्काचे केस गेले, जिभेची चव गेली. दर वेळी मी बरोबर. आत्याबाईंनी तिचा पेला-ताट वेगळं काढलं, लेकरांना लागंल म्हणून. मी त्याच पेल्यानं त्यांच्यासमोर पाणी प्याले आणि पेला जोरात आपटला. नंतर त्याही तिला भरवायला लागल्या, पण तोंडानं चूक कबूल केली नाही. आमचा अबोला कधी सुटला ते मला आठवतही नाही. सलाईन चालू असताना "पाणी दे" म्हणाली असेल, तेव्हाच.

ऑपरेशन पार पडलं. लाईट झाली. आता दर काही महिन्यांनी तपासायला जायचं असतं, आणि पुढच्या तारखेपर्यंत घरात कुणी मोठ्यानं हसत नाही. मी दोरीवरचे सगळे मापाचे ब्लाऊज परत करून टाकले. ज्याला शिवायचंय त्यानं उभं राहायचं, टेप लागणार. चार बायका स्टँडजवळच्या टेलरकडं गेल्या. जाऊ द्या.

गेल्या महिन्यात आक्का दुकानात आली. डोक्यावर बोट बोट केस आलेत, पदर घट्ट लपेटलेला. नवीन ब्लाऊज पाहिजे होता, डाव्या बाजूला आतून कापसाची गादी बसवून. मी दार लावलं, टेप काढली. तिनं हात वर केले. डावा हात अजून पुरता वर जात नाही, खांद्यापर्यंतच येतो. टेप त्या सपाट जागेवरून फिरवताना मला राहवेना.

"आक्का, संक्रांतीनंतर धाडलास तेव्हा लय आवळत होता का गं?"

"न्हाई."

"म्हणजे?"

"दिवाळीला तू सैल केलास ना, तवाच आवळायचा थांबला होता. पण गाठ हाताला लागायली होती. कुणाला दावू? ह्यांना सांगायची लाज. आत्याबाईला सांगितलं तर दुधाची म्हणल्या. तुझ्याकडं यावं तर तू ते रेशनचं बोललेलं कानात बसलेलं." ती भिंतीकडं बघत होती. "म्हणलं, चांगला बसणारा झंपर धाडावा. ही टेलर हाय. हातात धरला की हिला कळंल, का उसवायचं काय कारणच न्हाई. मग तरी इचारायला येईल."

माझ्या हातातली टेप तशीच राहिली. "आणि मी काय केलं?"

"आणखी अर्धं बोट सैल करून धाडलास."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

"घे की गं माप लवकर," ती म्हणाली. "हात वर धरून दुखायलाय."